उत्तर मागणारं गाणं

ग्रीसच्या क्रीट बेटावरच्या अनोया गावात गाणं ऐकून कुणी टाळ्या वाजवल्या की समजावं, माणूस बाहेरचा आहे. गावातले लोक गाण्याला उत्तर देतात. काफेनियोत, म्हणजे गावच्या कॉफीच्या दुकानात, एका टेबलावरून दोन ओळी येतात. कधी गाऊन, कधी नुसत्या बोलून. सगळे क्षणभर थांबतात, कुणीतरी हातातला पेला खाली ठेवतो, आणि पलीकडच्या टेबलावरून दोन ओळी परत येतात. त्याच मापाच्या, यमक जुळलेल्या, आणि पुष्कळदा पहिल्यापेक्षा धारदार. मग तिसरा सरसावतो. कोपऱ्यात कुणी लीरा, म्हणजे गजानं वाजवायचं लहानसं तंतुवाद्य, मांडीवर घेतलेली असली तर तो दोन उत्तरांच्या मधली जागा वाजवून भरतो, म्हणजे पुढच्याला विचार करायला तेवढाच वेळ मिळतो. रात्र चढत जाते. शेवटी कोण जिंकलं हे कुणी जाहीर करत नाही, पण घरी जाताना सगळ्यांना ते ठाऊक असतं.

या गावात मी एक उन्हाळा राहिले. क्रीट बेटाच्या मधोमध प्सिलोरीतिस हा पर्वत उभा आहे. प्राचीन कथांमधला इडा पर्वत तो हाच. त्याच्या उत्तरेकडच्या उतारावर, साधारण ७४० मीटर उंचीवर अनोया वसलंय. नवऱ्याचं इराक्लिओच्या विद्यापीठात उन्हाळाभराचं काम निघालं, आणि शहरातला उकाडा नको म्हणून आम्ही डोंगरात दोन खोल्या घेतल्या. तो आठवडाभर खाली, मी वर. शहरापासून गाव पस्तीसेक किलोमीटर, पण तिलिसोस आणि गोनिएस या गावांवरून बस वळणं घेत चढते, त्यामुळे अंतर चांगलंच लांबतं.

ग्रीस म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पांढरी घरं, निळे घुमट आणि खाली समुद्र येतो. अनोयात तसलं काही नाही. राखाडी डोंगर, मेंढ्या, साधी सिमेंटची घरं, नखशिखांत काळ्या कपड्यातल्या म्हाताऱ्या, काळे शर्ट आणि गुडघ्यापर्यंत बूट घातलेले मेंढपाळ. वयस्क पुरुषांच्या कपाळाला काळा जाळीदार रुमाल गुंडाळलेला असतो, त्याच्या कडेला बारीक गाठींची झालर. त्या गाठी म्हणजे आसवं, असं लोक सांगतात. गावाकडे येणाऱ्या रस्त्यावरच्या पाट्यांना बंदुकीच्या गोळ्यांची भोकं आहेत. पहिल्या दिवशी ती बघून मी बसमध्ये जरा सावरून बसले होते.

त्या दोन ओळींना मांदिनादा म्हणतात. प्रत्येक ओळ पंधरा अक्षरांची: आधी आठ, किंचित थांबा, मग सात. पंधरा अक्षरांचं हे माप ग्रीक लोकगीतांत बायझंटाईन काळापासून चालत आलंय. यमकाची आवड मात्र क्रीटला व्हेनिसच्या राजवटीत लागली, आणि ती राजवट १६६९ पर्यंत चार शतकांहून जास्त टिकली. त्याच राजवटीच्या उत्तरार्धात, सतराव्या शतकाच्या सुरुवातीला, वित्सेंत्सोस कोर्नारोस यानं ‘एरोतोक्रितोस’ हे प्रेमकाव्य रचलं. सुमारे दहा हजार ओळी, सगळ्या याच पंधरा अक्षरांत, जोडीजोडीनं यमक जुळवलेल्या. ते छापलं गेलं १७१३ मध्ये, व्हेनिसला. पण छापील पुस्तकाची वाट बघत क्रीट थांबलं नाही. अक्षरओळख नसलेल्या माणसांनीही त्याच्या शेकडो ओळी पाठ केल्या आणि पुढच्या पिढीला दिल्या. मांदिनादा रचणाऱ्याच्या कानात हा सगळा साठा लहानपणापासून भरलेला असतो. त्यामुळे आयत्या वेळी पंधरा अक्षरं जुळवणं त्याला जड जात नाही. जड जातं ते समोरच्याच्या बोलण्यातला नेमका धागा पकडणं. तो सुटला तर यमक कितीही चांगलं असो, टेबलावर कुणी मान हलवत नाही.

आमच्या घरमालकिणीला अख्खं गाव थिया म्हणे, आपण मावशी म्हणतो तसं. मीही थियाच म्हणायचे. ती मला ‘कोरी मू’, म्हणजे माझ्या पोरी, अशी हाक मारी. तिची नात इराक्लिओला शिकत होती आणि सुट्टीला घरी आली होती. माझं वर्गात शिकलेलं ग्रीक भाजी आणण्यापुरतं पुरे, पण क्रीटची बोली वेगळीच, तिथे ‘क’चा ‘च’ होतो आणि साध्या ‘काय’ला निराळाच शब्द आहे. काफेनियोतली सवाल-जबाबाची लढत मला समजली ती या नातीमुळे. ती माझ्या कानाशी लागून अर्थ सांगे, आणि अर्थ सांगून होईतो पुढचं उत्तर आलेलं असे.

एका रात्री एका तरुण मेंढपाळानं एक मांदिनादा म्हटली. सरळ कुणाकडे बघून नव्हे, पण ती कुणासाठी आहे हे सगळ्यांना कळत होतं. मराठीत, अक्षरांचं माप सांभाळून, ती साधारण अशी होईल:

डोंगरात धुकं आलं, वाट माझी झाकली
तुझ्या दारच्या दिव्यानं पावलं ही राखली

बायकांच्या टेबलावरून, क्षणाचाही वेळ न घेता, उत्तर आलं:

दिवा माझ्या मेंढरांना, तुला नाही लावला
चुकल्या कोकराआधी कोण आत धावला?

सगळं दुकान हसलं. तो तरुणही हसला, आणि त्यानं तिच्या टेबलावर रकी या इथल्या दारूची सुरई पाठवली. थियाची नात मला म्हणाली, हे आता वर्षभर त्याला ऐकावं लागणार. पण त्याचा चेहरा बघून मला तरी वाटलं, उत्तर मिळालं यातच तो खूश होता. दोन ओळी टाकल्या आणि समोरून काहीच आलं नाही, तर ते इथे फार लागतं.

शेजारचा पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा संध्याकाळी गच्चीवर लीरा वाजवायचा. मी मिरजेची. सतारमेकर गल्ली आमच्या घरापासून दोन वळणांवर, त्यामुळे वाद्य दिसलं की आधी ते कुठल्या लाकडाचं हे बघायची सवय अंगात मुरलेली. मी त्याला विचारलं, जवळून बघू का? त्यानं लगेच वाद्य माझ्या हातात दिलं.

लीरा लहानशी असते, नासपतीच्या फोडीसारखी खाली फुगीर आणि वर निमुळती. हिचं पोट एकाच लाकडी ठोकळ्यातून कोरून काढतात. लाकूड तुतीचं किंवा अक्रोडाचं. वरची पातळ फळी मात्र जुनी लागते. कारागीर त्यासाठी पडक्या घरांच्या देवदाराच्या तुळया शोधत फिरतात, जितकी जुनी तितकी चांगली. मिरजेत भोपळा वर्षानुवर्षं सुकवून ठेवणाऱ्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही. तारा तीन, एकमेकींपासून षड्ज-पंचमाच्या अंतरावर. आज दिसते ती लीरा रेथिम्नो शहरातल्या मानोलिस स्तागाकिस या कारागिरानं गेल्या शतकाच्या मध्याला घडवून रुळवली. त्याआधीची वाद्यं आणखी लहान, आवाज चिरका. तेव्हा गजाला बारीक घुंगरं बांधलेली असायची. साथीला कुणी नसलं तरी मनगटाच्या झटक्यानं वादक स्वतःच ताल धरायचा. नंतर ते काम लाऊतोनं घेतलं. लाऊतोला लांब मान आणि तारांच्या चार जोड्या. पंखाच्या पिसासारख्या लवचीक पट्टीनं ते छेडतात.

मुलानं लीरा मांडीवर उभी धरली आणि डावा हात तारांपाशी नेला, तेव्हा मी अक्षरशः पुढे झुकले. त्याची बोटं तारेवर दाबली जातच नव्हती. तो नखाचा पाठचा भाग तारेला बाजूनं टेकवत होता. तार पट्टीपर्यंत खाली जात नव्हती, हवेतच अडवली जात होती. आपली सारंगी अशीच वाजते. सारंगीत तार नखाच्या मुळाशी लागते, लीरेत नखालाच, एवढा फरक. म्हणून दोन्ही वाद्यांना एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येतं, दोघींच्याही आवाजात माणसाच्या गळ्याची ओल असते. मुलाच्या नखांवर तारेनं आडव्या रेघा उमटल्या होत्या. मधलं नख मोडलं की आठवडाभर सराव बंद, आणि तो आठवडा फार वाईट जातो, असं त्यानं सांगितलं. मेंढ्यांच्या कामात नखं मोडतातच, त्यामुळे त्याचे आणि वडिलांचे खटके उडत. वडील स्वतः लाऊतो वाजवायचे, म्हणून ते खटके लवकर मिटतही.

या मुलाच्या खोलीत भिंतीवर नीकोस क्सिलूरिस या गायक-लीरावादकाचा फोटो होता. अनोयात तो कुठे नाही, असं विचारावं. खालच्या चौकात त्याचं जन्मघर आहे, तिथे आता काफेनियो चालतं आणि भिंती त्याच्या छायाचित्रांनी भरल्या आहेत. जन्म १९३६ चा. लहानपणीच लीरा हातात आली, सतराव्या वर्षी तो इराक्लिओला वाजवायला गेला आणि १९७१ मध्ये अथेन्सला. तेव्हा ग्रीसमध्ये लष्करशाही होती, १९६७ ते १९७४. नोव्हेंबर १९७३ मध्ये अथेन्सच्या पॉलिटेक्निकमध्ये विद्यार्थ्यांनी स्वतःला कोंडून घेऊन सत्तेविरुद्ध उठाव केला, तेव्हा क्सिलूरिस आत जाऊन त्यांच्याबरोबर गायला. लोकांनी त्याला ‘क्रीटचा मुख्य देवदूत’ म्हणावं असा मान दिला, पण तो गेला अवघ्या त्रेचाळीसाव्या वर्षी, फेब्रुवारी १९८० मध्ये.

गावात एकच आडनाव असलेली इतकी घरं आहेत की टोपणनावावाचून भागत नाही. क्सिलूरिसच्या घराला ‘प्सारो’, म्हणजे माशाचं, टोपणनाव आहे. समुद्रापासून इतक्या वर मासा कसा, तर कुणी पूर्वज तुर्कांना माशासारखा पटकन पकडायचा, अशी कथा सांगतात. म्हणून नीकोस झाला प्सारोनीकोस, एक भाऊ प्सारांदोनिस, तर लाऊतो वाजवणारा प्सारोयान्निस. नीकोसचा आवाज सगळ्या ग्रीसचा आहे, त्याबद्दल वाद नाही. मला मात्र धाकट्या प्सारांदोनिसची लीरा जास्त भिडते. तिच्यात गोडवा शोधू नये. गज खरखरतो, सूर मधेच तुटतो, तो स्वतः घशातून हुंकारत राहतो, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की हा आत्ता काहीतरी शोधतोय. ते सापडेलच असं नाही. त्याचा मुलगा योर्गिस यानं लाऊतोला साथीतून बाहेर काढून मुख्य वाद्याच्या जागी बसवलं आणि जिम व्हाइट या ऑस्ट्रेलियन ड्रमवादकाबरोबर जगभर कार्यक्रम केले. दोनच वाद्यं: एक क्रीटचं, एक नाही. ती जोडी ऐकताना मला काफेनियोतली दोन टेबलंच दिसतात.

नीकोस आठ वर्षांचा होता तेव्हा हे गाव जमीनदोस्त झालं. अनोया त्याआधीही दोनदा जळलं होतं, १८२२ आणि १८६७ मध्ये, तुर्कांच्या हातून. तिसऱ्या वेळी जर्मन आले. एप्रिल १९४४ मध्ये ब्रिटिश अधिकारी आणि क्रीटच्या बंडखोरांनी जर्मन सेनापती क्राइपेला पळवलं आणि त्याला डोंगरातून नेताना ते अनोयावरून गेले. ऑगस्टमध्ये जवळच्या दामास्ता गावापाशी जर्मन तुकडीवर हल्ला झाला. १३ ऑगस्टला जनरल म्युलरनं हुकूम काढला: गाव पाडून टाका, आणि गावात किंवा गावापासून एक किलोमीटरच्या आत सापडेल तो प्रत्येक पुरुष ठार करा. पाडापाडी आणि जाळपोळ सप्टेंबरपर्यंत चालू होती. बहुतेक लोक आधीच डोंगरात पळाले होते, जे मागे राहिले त्यांतले पुष्कळ गेले. म्युलरला १९४७ मध्ये अथेन्समध्ये मृत्युदंड झाला. त्याचा तो हुकूम गावच्या चौकात संगमरवरावर कोरलेला आहे, शब्दन् शब्द. मी त्या दगडापुढे बराच वेळ उभी राहायचे. ज्याच्यामुळे आपण बेचिराख झालो तो कागद स्वतःच्या हातानं दगडात कोरून घ्यायला कसलं मन लागत असेल, हे मला अजून नीट सांगता येत नाही.

थिया तेव्हा तान्ही नव्हती, पण तिला नीट चालताही येत नव्हतं. आईच्या पाठीवर बांधून ती डोंगरात गेली. परत आल्या त्या घरी नव्हे, दगडांच्या ढिगाकडे. मग गाव पुन्हा उभं राहिलं त्यात बायकांच्या मागांचा वाटा मोठा. लोकर होती, हात होते. पलंगपोस, सतरंज्या, मेंढपाळांच्या पाठीवरच्या रंगीत पिशव्या विणून विकल्या, आणि पुढे पर्यटक यायला लागल्यावर त्यांना विकल्या. खालच्या चौकात दुकानांबाहेर आजही ती लाल, काळी, निळी नक्षी टांगलेली दिसते.

थियाच्या तळघरात तिचा लाकडी माग आहे. दुपारी गाव झोपलं की ती खाली जायची आणि मी पायरीवर बसायचे. ताणा काळ्या लोकरीचा, बाणा लाल. तो लाल तिनं मंजिष्ठेच्या मुळांनी रंगवलेला, पिवळा कांद्याच्या सालींचा, तपकिरी अक्रोडाच्या टरफलांचा. धोटा उजवीकडून सुटायचा, डावा हात तो झेलायचा, पायाखालची पट्टी दबायची, फणी दोनदा आपटायची. दोन आपट्यांच्या मधे ती मांदिनादा म्हणायची, आठ अक्षरं धोट्याच्या जाण्याला, सात येण्याला. तोंडानं म्हणताना तिचं लक्ष नक्षीवरून ढळत नसे. कागदावर नमुना काढलेला नव्हता. किती धागे सोडायचे ते हातांना ठाऊक होतं, आणि चुकलं तर ती ओळ अर्ध्यात तोडून धागे उसवायची, मग तीच ओळ पहिल्यापासून म्हणायची.

एकदा तिनं विचारलं, तुमच्याकडच्या बायका काम करताना काय म्हणतात? मी आजीची जात्यावरची एक ओवी म्हटली, भाऊ माहेरी न्यायला येतो त्याची. नातीनं अर्थ सांगितला. थियानं पहिला प्रश्न केला तो असा, उत्तर कोण देतं? मी सांगितलं, जात्याला दोघी बसतात, समोरासमोर. एकीनं म्हटलं की दुसरी उचलते. तिनं पसंतीची मान हलवली आणि म्हणाली, तो भाऊ एवढ्या उशिरा का आला ते आधी विचार, पाणी मग दे. माझी आजी हे ऐकून किती हसली असती! त्यानंतर उन्हाळाभर, मी घरात पाऊल टाकलं की थिया विचारायची, भावानं काय उत्तर दिलं? आणि मला रोज काहीतरी नवं कारण रचून सांगावं लागायचं.

खालच्या वस्तीत अल्कीविआदिस स्कूलास या माणसाचं छोटं संग्रहालय आहे. गावात त्याला ग्रिल्योस म्हणत. चित्रकलेची शाळा त्यानं पाहिली नव्हती. हातात रंग आणि छिन्नी घेतली ती उतारवयात. गावाचा विध्वंस, जुन्या लढाया, ओळखीची माणसं, असं जे डोळ्यांनी पाहिलं आणि कानांनी ऐकलं ते त्यानं रंगवलं आणि लाकडात-दगडात कोरलं. चेहरे सगळे समोर बघतात, माणसं घरांएवढी उंच, बंदुकीतली गोळीसुद्धा वाटेत दिसते. जाणकार याला भाबडी कला म्हणतील. मला ती भाबडी वाटली नाही. कुणाला मोठं काढायचं आणि कुणाला लहान, याचा त्यानं पक्का विचार केलेला आहे. त्याचा मुलगा वासिलिस स्कूलास क्रीटच्या नामवंत लीरावादकांपैकी एक. एका घरात एक माणूस रंगात सांगतो आणि दुसरा सुरात.

जुलैच्या मध्याला आम्ही सगळे वर निदाच्या पठारावर गेलो. गावापासून रस्ता वीसेक किलोमीटर चढतो आणि १४०० मीटरच्या आसपास एकदम सपाट हिरवी थाळी उघडते, भोवती उघडे डोंगर. उन्हाळ्यात कळप इथे असतात. मेंढपाळांची निवाऱ्याची घरं, मितातो, नुसत्या चपट्या दगडांची, चुना-मातीशिवाय रचलेली. प्रत्येक थर थोडा आत सरकवत नेतात, वर घुमट मिटतो आणि मधे धूर जायला भोक. आत चीज करतात.

पठाराच्या वरच्या अंगाला इडाची गुहा आहे. झ्यूसला त्याच्या बापापासून लपवून इथे वाढवलं, आणि बाळाचं रडणं बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून कुरेतेस नावाचे रक्षक नाचत ढालींवर शस्त्रं आपटत राहिले, अशी कथा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला इथे उत्खनन झालं तेव्हा खरोखरच काशाच्या नक्षीदार ढाली सापडल्या, आणि एक गोल वाजवायची थाळीही, जिच्यावर मधोमध देव आणि दोन्ही बाजूंना कुरेतेस कोरलेत. ख्रिस्तपूर्व आठव्या शतकातली. ती इराक्लिओच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. गुहेपेक्षा ती थाळी मला जास्त आवडली. कुणीतरी ती खरोखर वाजवली असणार, या डोंगरात, या कथेवर विश्वास ठेवून.

पठारावर संध्याकाळी एक म्हातारा मेंढपाळ भेटला. त्याच्या कळपाच्या घंटा ऐकताना मी थबकले, कारण त्या बेसूर नव्हत्या. विचारल्यावर त्यानं सांगितलं, घंटा विकत आणून मेंढीच्या गळ्यात अडकवल्या असं होत नाही. एकेक निवडतात, एकमेकींशी जुळवून बघतात, न जुळणारी हातोडीनं ठोकून वर-खाली करतात. मोठ्या खर्जाच्या नरांना, बारीक शेळ्यांना. धुक्यात कळप दिसेनासा होतो, तेव्हा घंटांच्या मेळावरून कुणाचा कळप आणि त्यातलं कोण हरवलंय ते कळतं. त्यानं डोळे मिटून एका घंटेकडे बोट केलं आणि म्हणाला, ती लंगडतेय. आम्ही बघितलं तर खरंच लंगडत होती.

त्याच पठारावर कारिना रेक या जर्मन शिल्पकर्तीचं काम आहे. ती ऐंशीच्या दशकात अनोयात आली. ज्या देशाच्या सैन्यानं गाव पाडलं त्या देशाची. गावकऱ्यांत राहून तिनं बंडखोराचं एक शिल्प रचलं, तेही जमिनीवर आडवं, डोंगरातल्याच दगडांचं, इतकं मोठं की पूर्ण आकृती उंचावरूनच दिसते. दगड वाहून आणायला गावचे मेंढपाळ तिच्याबरोबर राबले. त्यांतल्या काहींची घरं लहानपणी जळलेली होती. जवळून बघितलं तर ती दगडांची रांग वाटते, मधून मेंढ्या जातात. मी गुहेच्या वाटेवर चढून वरून बघितलं, तेव्हा माणूस दिसला. चौकातल्या संगमरवरावर एका जर्मन माणसाचे शब्द आहेत. इथे दुसऱ्या जर्मन माणसाचं त्यांना उत्तर आहे. गावानं दोन्ही ठेवलं.

ऑगस्टमध्ये एका शनिवारी नवऱ्याबरोबर मी हूदेत्सीला गेले, इराक्लिओच्या दक्षिणेला. आयरिश वंशाचा रॉस डेली सत्तरच्या दशकात क्रीटला येऊन राहिला, कोस्तास मुंदाकिस या थोर वादकाकडे लीरा शिकला आणि १९८२ मध्ये त्यानं ‘लॅबिरिंथ’ ही संगीत कार्यशाळा सुरू केली. २००२ पासून ती हूदेत्सीत आहे. उन्हाळ्यात तुर्कस्तान, इराण, भारत, कुठकुठचे वादक येऊन शिकवतात. मला जे बघायचं होतं ते म्हणजे त्याची लीरा. १९९० मध्ये त्यानं लीरेला सारंगीसारख्या तरफा, म्हणजे मुख्य तारांबरोबर आपोआप झंकारणाऱ्या तारा, जोडल्या. आधी अठरा होत्या, पुढे बावीस झाल्या. आणि त्या तरफा ज्या घोडीवर टेकतात तिला जवारी आहे. आपली जवारी! मिरजेत कारागीर कानस घेऊन घोडीचा माथा केसभर घासतो, तार छेडतो, पुन्हा घासतो, पुन्हा छेडतो, तो झणकार उमटेपर्यंत. शाळेतून येताना दारात उभं राहून मी ते कितीदा ऐकलंय. क्रीटच्या वाद्यातून तो झणकार आला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला, हे सांगायला मला संकोच वाटत नाही.

परत आल्यावर काफेनियोत मी हे सांगितलं, तर वाद पेटला. म्हातारे म्हणाले, लीरेला तीन तारा पुरतात, बाकीचं तुझं तू वाजव. शेजारचा मुलगा म्हणाला, लीरा तरी पूर्वी अशी कुठे होती, घुंगरं गेली ना? दोन्ही बाजूंना दम होता. मी त्या मुलाच्या बाजूनं आहे. ज्या वाद्याचा गज बदलला, पोट बदललं, साथ बदलली, त्याला तरफांचं वावडं असायचं कारण नाही. मला काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. लग्नं. क्रीटच्या लग्नाला हजार-बाराशे माणूस सहज असतो, आणि लीरा-लाऊतोला आता मोठमोठे ध्वनिवर्धक लावतात. नाचायला ते हवेत, पेंदोझाली या नाचात पावलं उडतात तेव्हा ती ताकद लागतेच. पण त्या आवाजात एका टेबलावरची मांदिनादा दुसऱ्या टेबलापर्यंत पोचत नाही. वादक गातो, माणसं नाचतात, उत्तर देणं बंद. आणि वर हवेत गोळीबार. कित्येक वादक स्वतः याविरुद्ध बोलतात, तरी पाट्यांवरची भोकं काही बुजत नाहीत. लग्नात आधी तासभर नुसत्या तारा आणि गळे, मग पाहिजे तेवढे ध्वनिवर्धक, असं झालं तर मला फार बरं वाटेल. शेजारच्या मुलानं त्याच्या बहिणीच्या लग्नात तसंच करायचं ठरवलंय, वडील अजून तयार नाहीत.

कुणाला जायचं असेल तर दिवसाच्या सहलीनं जाऊ नये. बस दुपारी येते, तासभर दुकानं बघतात, परत जाते. गावातलं गाणं तेव्हा झोपलेलं असतं. तिथे मुक्काम करावा. विणकाम घेताना ते उलटून बघावं, यंत्रावरचंही काही विकायला असतं, आणि कुणाच्या मागावर विणलं हे विचारावं. विणणारी बहुधा चार घरं सोडूनच असते आणि माग दाखवायला तिला आवडतं. रात्री दहानंतर खालच्या चौकात बसावं. न मागवता रकी पुढ्यात आली तर ती कुणीतरी तुमच्यासाठी पाठवलेली असते. कुणी ते दुकानदार नजरेनं दाखवतो. त्याच्याकडे बघून पेला उचलावा, आणि लगेच त्याला परत पाठवायची घाई करू नये. ते दुसऱ्या दिवशी.